दाजींची कायमची पसंती

एका माणसाच्या बहिणीचा नवरा साऱ्या कंपनीचा दाजी कसा झाला, ही गोष्ट तशी दोन ओळींची आहे. मेहुणा को-पायलट म्हणून कंपनीत नवा लागला तेव्हा पहिल्याच दिवशी क्रू-रूममध्ये, सगळ्यांच्या देखत, तो आपल्या ताईच्या नवऱ्याला कॅप्टन म्हणायचं विसरला आणि घरच्यासारखं विचारून बसला, "दाजी, चहा घेणार?" जो हशा उसळला म्हणता! दुसऱ्या दिवशी मेकॅनिक दाजी म्हणाला, मग केबिनमधल्या मुली, मग सामान चढवणारे, आणि शेवटी तर टॉवरवालेसुद्धा. कॅप्टनसाहेबांनी सुरुवातीला डोळे वटारून पाहिले. पुढे अशी वेळ आली की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर हे मागे वळून बघायचे, दुसरंच कुणी उभं आहे की काय म्हणून.

कंपनी लहान. मोठ्या शहरांकडे पाठ फिरवून बसलेल्या गावांना एकमेकांशी जोडायचं काम. विमानं पंख्याची, वयस्क, उडताना दातांतलं भरणं हलेल इतकी थरथरणारी. बेस दोन. एक घरचा, जिथे दाजी, मेहुणा आणि बहुतेकांचे संसार होते. दुसरा पार दूर, धुकं आणि वारा यांनी वाटून घेतलेला. त्याचं पाळण्यातलं नाव काहीही असो, सगळे त्याला 'टोक' म्हणत. टोकाला कुणी हौसेने जात नसे. जे नवे असत त्यांना जावं लागे.

कारण या धंद्यात माणसाची किंमत वयावर नसते, हुशारीवर नसते, रूपावर तर नसतेच नसते. ती असते नंबरावर. कंपनीत पाऊल टाकलं की शेपटीचा नंबर मिळतो. वरचा एखादा निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला की आपण एक पायरी वर. बस्स. घाम गाळून पुढे जाता येत नाही आणि लोळत पडून मागे राहता येत नाही. सुट्टी आधी कुणाला, राहायचं कुठल्या बेसला, उडवायचं कुठलं विमान, सगळं नंबराने ठरतं. दाजींचा नंबर चौथा होता. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगावंच लागायचं नाही, इतकं ते त्यांच्या चालण्यात होतं.

घरी मात्र नंबर चालत नसे. टीव्हीच्या रिमोटवरून एकदा मुलीशी जुंपली तेव्हा दाजी म्हणाले, "सिनियॉरिटीने बघायचं. मी आधी लागलोय." स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आधी मी लागलेय हो. तुम्ही सुट्टी मिळेना म्हणून दोन दिवस उशिरा राहायला आलात या घरात. रिमोट इकडे आणा."

दाजींची आणखी एक सवय म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवायची. पायलटांना टॉवरवरून सूचना आली की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. मग वरचा "बरोबर" म्हणतो आणि मगच काम पुढे सरकतं. दाजींच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की बायकोने कांदे, बटाटे, साबण सांगितले की दारात उभं राहून हे गृहस्थ सगळं एका दमात परत म्हणत आणि "बरोबर" ऐकल्याशिवाय पायात बूट घालत नसत. आजवर एक वस्तू विसरली नव्हती. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर एके दिवशी कंपनीने जाहीर केलं की पंख्याची अर्धी विमानं मोडीत निघणार, उरलेली टोकाला जाणार, आणि घरच्या बेसला नवी कोरी जेट येणार. जेटवर कप्तानाच्या जागा फक्त सहा. बाकीच्यांनी गाठोडं बांधायचं आणि टोकाला निघायचं.

मेहुणाही एव्हाना कप्तान झाला होता. त्याचा नंबर सातवा होता.

आता हा मेहुणा म्हणजे नुसता मेहुणा नव्हे. दाजींच्या सासूबाई त्याच्याकडे राहत. अर्धं अंग गेलेलं, पण तोंड आणि डोळे अगदी तरुण. मेहुण्याची बायको इस्पितळात नर्स. तिच्या पाळ्या आणि याची उड्डाणं यांचा मेळ बसवून दोघांनी अशी घडी घातली होती की आईजवळ कुणीतरी एक कायम असे. रोज सकाळी मेहुणा आईला बिछान्यातून उचलून खिडकीतल्या खुर्चीत बसवी. हे काम दुसऱ्या कुणाला जमत नसे. सुनेने हात लावला तर सासूबाई म्हणत, "तू राहू दे गं, तू मला पेशंटसारखी उचलतेस." खिडकीतून धावपट्टीचं टोक दिसे. विमान खाली येताना त्या हात हलवत. कुठलं विमान मुलाचं आणि कुठलं जावयाचं, हे त्या आवाजावरून ओळखत. "जावईबापूंचं जोरात आपटतं," असंही म्हणत.

मेहुणा टोकाला गेला तर ही घडी मोडणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

पायलटांची बैठक भरली. एका खोलीत सगळे कोंबलेले, चेहरे परीक्षेच्या निकालासारखे. जो तो वरच्या नंबराकडे चोरून बघतोय. तेव्हा दाजी उठले. दोन वर्षांत निवृत्त होणारा माणूस, केस भांगापाशी पांढरे, आवाज केबिनमध्ये घोषणा करताना असतो तसा भरदार.

"माझं आयुष्य पंख्यावर गेलंय," ते म्हणाले. "शेवटची दोन वर्षं मी तिकडेच जाईन, टोकाला. जेट तरुणांनी उडवावं. मी मागत नाही."

टाळ्या पडल्या. नुसत्या टाळ्या नाहीत, बाकं बडवली. सहावी जागा कुणाला मिळणार याचा हिशेब खोलीतल्या प्रत्येकाने मनात केला होता. मेहुणा जागेवरून उठला, दाजींच्या जवळ आला, आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "जावईबापू, तुम्ही माझ्या पोटच्या पोराहून जवळचे निघालात हो."

दाजी सबंध आठवडा जमिनीवर नव्हते. बोलताना ते मनापासूनच बोलले होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

पण कंपनीच्या कॉम्प्युटरात एक सोय होती. तिला 'कायमची पसंती' म्हणत. आपल्याला कधी ना कधी कुठलं विमान आणि कुठला बेस हवा आहे, ते एकदा भरून ठेवायचं. जागा निघाली की कॉम्प्युटर नंबराप्रमाणे आपोआप वाटतो. नवीन पसंती भरली नाही तर जुनी लागू. सात-आठ वर्षांपूर्वी जेटची पहिली आवई उठली तेव्हाच दाजींनी भरून ठेवलं होतं: जेट, कप्तान, घरचा बेस. ते आता मागे घ्यायचं होतं. एक बटण दाबायचं. इतकंच.

दाजींनी ते पान उघडलं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा चहा आला. दुसऱ्यांदा उघडलं त्याच्या आदल्या दिवशी नवं जेट बघायला म्हणून हँगरमध्ये सगळे गेले होते. पांढरंशुभ्र, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, आत नव्या चपलांच्या दुकानासारखा वास. मेकॅनिक म्हणाला, "बसा की दाजी, बघा तरी." डावीकडच्या खुर्चीत दाजी बसले. हात आपसूक जिथे जायचा तिथे गेला. ती खुर्ची थरथरत नव्हती. लहानपणी गच्चीवर पालथं झोपून, दोन्ही हात पसरून जे विमान ते उडवत, तेही थरथरत नसे.

त्यामुळे दुसऱ्यांदा पान उघडलं तेव्हा दाजी बटणाकडे बघत राहिले. मनात म्हणाले, उद्या. मग म्हणाले, कुणी सांगावं, वरच्या एखाद्याने जेट नाकारलं तर मेहुण्याला तशीही जागा मिळेल. मग म्हणाले, नंबर माझा आहे, मी काही कुणाचा चोरलेला नाही. बायको मागून कपड्यांची चळत घेऊन गेली. तिने पडद्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि चळत कपाटात ठेवायला निघून गेली. दाजींनी कॉम्प्युटर मिटला.

मुदत संपली. निकाल क्रू-रूमच्या भिंतीवर लागला. जेटच्या सहा कप्तानांत वरून चौथं नाव दाजींचं. मेहुणा टोकाला.

एकाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि दुसऱ्याने खोकला काढला. दाजी आत आले आणि भिंतीजवळ रस्ता आपोआप मोकळा झाला, तसा तो नेहमीच होत असे, पण आज त्यात आदर नव्हता. मेहुणा निकालासमोर उभा होता. त्याने वळून विचारलं, "दाजी, हे कसं काय?"

आणि दाजींच्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा! ती जुनी पसंती! मागे घ्यायचीच राहिली. साफ विसरलो रे!"

कपाळावर हातसुद्धा मारून घेतला त्यांनी.

मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. रागावायला तयार झालेल्या माणसाला न रागावण्याचं कारण मिळाल्यावर होतो तसा. "चालायचंच," तो म्हणाला. "वय झालं आता तुमचं." आणि उसनं हसला. आजूबाजूचेही हसले. दाजी सुटले. निदान त्यांना तसं वाटलं.

घरी बायकोने एवढंच विचारलं, "विसरलात?"

"हो ना."

"बरं," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने दुकानातून आणायच्या वस्तू कागदावर लिहून त्यांच्या हातात दिल्या. संसारात पहिल्यांदा.

कंपनीत तर गंमतच सुरू झाली. लोकांनी दाजींना माफ केलं होतं आणि माफ केलेल्या माणसाची थट्टा करायची मुभा असते. "दाजी, टोपी घेतली ना?" "दाजी, आपलं विमान ते पलीकडचं बरं का." को-पायलट पोरगी उतरायच्या आधी गोड आवाजात विचारी, "दाजी, चाकं काढायची ना बाहेर? नाही, आपलं विचारलं." दाजी हसत. आत कुठेतरी सोलल्यासारखं होई, पण हसत. ही थट्टा म्हणजे त्यांनी घेतलेल्या जागेचं भाडं होतं आणि ते स्वस्तात पडत होतं.

ते मेहुण्याच्या घरी गेले तेव्हा सासूबाईंनी उलट त्यांचीच समजूत घातली. "मनाला लावून घेऊ नका. मीसुद्धा विसरते हल्ली." दाजींनी मान खाली घातली ती खिडकीत विमान दिसेपर्यंत वर केली नाही.

पण एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ती मुख्य पायलटच्या लक्षात आली. हा मुख्य पायलट एकेकाळी दाजींच्या उजव्या हाताला बसून शिकलेला, त्यांना गुरूच मानणारा. त्याने दाजींना आपल्या ऑफिसात बोलावलं, दार लावलं, आणि ओशाळून म्हणाला, "दाजी, वाईट वाटून घेऊ नका. पण सगळीकडे बोललं जातंय की तुम्ही विसरायला लागलात. मी ते ऐकून गप्प बसलो तर उद्या माझ्यावर येईल. डॉक्टरकडे एकदा जाऊन या. साधी स्मरणशक्तीची तपासणी. तोंडं बंद होतील लोकांची."

दाजींनी विचारलं, "आणि तपासणीत काही निघालं तर?"

"तर उडणं बंद. दुसरं काय करणार? तुमची जागा मग खालच्याला जाईल." मुख्य पायलट हसला. "पण तुमच्यात काय निघणार!"

"आणि मी जागा नको म्हटलं तर?"

"एकदा लागली की लागली. सुटका दोनच रस्त्यांनी, आजारपण नाहीतर निवृत्ती. नियम तुम्हीच मला शिकवलेत."

निवृत्ती घेतो, हे दोन शब्द दाजींच्या ओठांपर्यंत आले. तिथे थोडा वेळ थांबले. आणि परत फिरले.

डॉक्टरकडे जाताना मात्र त्यांनी पक्कं ठरवलं होतं. चुकायचं. फार नाही, थोडं. मग मेहुण्याला जागा मिळेल, आई खिडकीत राहील, आणि आपण बिचारे ठरू. बिचारं ठरण्यात काही वाईट नाही. शिवाय ते खोटं मग खोटं राहणार नाही, कागदोपत्री खरं होईल. घरापासून दवाखान्यापर्यंत त्यांना स्वतःबद्दल पुन्हा एकदा बरं वाटलं.

डॉक्टर तरुण होता, पेन चावणारा. म्हणाला, "मी काही शब्द सांगतो, शेवटी परत विचारीन. चमचा, डोंगर, पिवळा, कुलूप, मावशी."

"चमचा, डोंगर, पिवळा, कुलूप, मावशी," दाजी म्हणाले. आत्ता म्हणायचं नव्हतं. सवय.

"शंभरातून सात वजा करत जा."

तिसऱ्या वजाबाकीला चुकायचं, दाजींनी ठरवलं. त्र्याण्णव. शहाऐंशी. तोंड उघडलं तेवढ्यात डॉक्टर समजूतदारपणे म्हणाला, "सावकाश, काका. तुमच्या वयाचे इथेच अडकतात."

काका! दाजी ताठ झाले. "एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस..." ते थेट दोनपर्यंत जाऊन थांबले. मग घड्याळ काढायला सांगितलं तर त्यात सेकंदकाटाही काढला. शेवटी डॉक्टरने शब्द विचारले तेव्हा दाजींनी ते सरळ सांगितले आणि मग, कुणी विचारलं नसताना, उलट क्रमानेही सांगितले. डॉक्टर खूश होऊन म्हणाला, "काका, ही विशीतल्या मुलाची स्मरणशक्ती आहे."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दाजींना कळलं की आपण काय करून बसलो. रिक्षा करायचं त्यांना सुचेना. ते चालत निघाले.

मुख्य पायलटने जे केलं ते प्रेमापोटी केलं. सकाळच्या गर्दीच्या वेळी तो क्रू-रूममध्ये आला, टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, "ऐका सगळ्यांनी! दाजींची तपासणी झाली. स्मरणशक्ती विशीतल्या पोरासारखी, डॉक्टरचे शब्द आहेत. आजपासून कुणी थट्टा केलेली मला खपणार नाही. हा माणूस काही विसरत नाही!"

एक-दोघांनी टाळ्यांसाठी हात उचलले. ते हात अर्ध्यातच राहिले. त्या खोलीत कुणी मूर्ख नव्हतं. आकडे जुळवण्याचाच धंदा तो. को-पायलट पोरीने दाजींकडे पाहिलं आणि नजर बुटांवर नेली. मेकॅनिक बाहेर निघून गेला. मुख्य पायलटच्या चेहऱ्यावरचं हसू सगळ्यात शेवटी विझलं, कारण त्याला सगळ्यात उशिरा उमगलं.

मेहुणा चहाच्या मशीनजवळ होता. त्याने कप भरला, खाली ठेवला, आणि पुढे येऊन हात पुढे केला.

"अभिनंदन, कॅप्टन," तो म्हणाला.

दाजींनी हात मिळवला. दुसरं काय करणार?

त्या दिवशी दुपारपर्यंत मेकॅनिकने कॅप्टन म्हटलं. मग केबिनमधल्या मुलींनी. संध्याकाळी विमान उतरवल्यावर टॉवरवरूनही "शुभ संध्याकाळ, कॅप्टन" असं आलं. हुद्दा खरा, शब्द आदराचा, तक्रार करायला जागाच नाही. जसं ते नाव एकामागून एक सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं तसंच ते गळून पडलं, पण एका दिवसात. ते लावताना मात्र सगळे हसले होते.

मेहुण्याचं टोकाला जायचं ठरलं तेव्हा सासूबाईंना दाजींच्या घरी हलवायचं ठरलं. त्यांना यायचं नव्हतं. "लेकीला कशाला माझा भार?" म्हणत होत्या. पण नर्स सून एकटी काय काय करणार! आधी त्यांना गाडीतून आणलं, दाजींच्या मुलीच्या पलंगावर तात्पुरतं निजवलं, आणि मग मेहुणा आणि दाजी त्यांचा लोखंडी पलंग घेऊन जिना चढू लागले. मेहुणा वर, दाजी खाली. सगळं वजन खालच्या माणसावर येतं. खाली आपणच राहायचं, हे दाजींनी न बोलता ठरवलं होतं.

"डावीकडे, कॅप्टन. जरा वर. कठडा सांभाळा."

दाजी प्रत्येक सूचना पाळत होते. जिन्याच्या वळणावर पलंग अडकला. दोघांचे चेहरे समोरासमोर आले, मध्ये पलंगाच्या लोखंडी पट्ट्या. त्यांना वाटलं, आत्ता बोललो नाही तर कधीच नाही.

"मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "पान उघडलं होतं मी. दोनदा. बटण दाबलं नाही."

मेहुणा धापा टाकत होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, प्रेमाने नाही. वजन किती उरलंय ते बघावं तसं.

"पलंग धरा आधी," तो म्हणाला. "हात सुटेल."

पलंग वर गेला. खोलीत खिडकीशी लावला. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती, आणि टाकीखाली वाळत घातलेला कुणाचा तरी टॉवेल. मेहुण्याने आईला उचलून पलंगावर ठेवलं आणि तिची उशी ठोकून सारखी केली. सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि सवयीने म्हणाल्या, "बरं झालं हो, हवा चांगली आहे इथे."

दाजींची बायको दारात उभी होती. ती पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे झाल्यावरसुद्धा.

मग मेहुण्याने औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि दाजींकडे वळला. ताईकडे नाही, त्यांच्याकडे.

"पांढरी गोळी सकाळी, जेवणाआधी. छोटी गुलाबी रात्री, दुधाबरोबर. डाव्या कुशीवर झोपवायचं नाही. उचलताना काखेत हात घालायचा नाही, पाठीखालून घ्यायचं. आणि विमानाचा आवाज आला की कुठलं ते तिला सांगायचं. इथून दिसत नाही."

दाजींना सवयीपुढे काही करता येईना.

"पांढरी गोळी सकाळी, जेवणाआधी," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण तो भरदारपणा कुठे गेला होता कोण जाणे. "छोटी गुलाबी रात्री, दुधाबरोबर. डाव्या कुशीवर झोपवायचं नाही. उचलताना काखेत हात घालायचा नाही, पाठीखालून घ्यायचं. विमानाचा आवाज आला की कुठलं ते सांगायचं. इथून दिसत नाही."

एक अक्षर सुटलं नव्हतं.

"बरोबर," मेहुणा म्हणाला. आईच्या पायांना हात लावला आणि जिना उतरून गेला.